मुंबई उपनगरी रेल्वे स्थानकांवरील तिकीटव्यवस्था व प्रवासी सुविधा

मुंबई महानगर प्रदेशातील उपनगरी रेल्वेच्या म्हणजेच ‘लोकल’च्या स्थानकांवर तिकीट व पास देण्याची पद्धत, तसेच फलाट, पादचारी पूल, जिने, छप्पर, स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, सूचनाफलक, उद्घोषणा आणि वैद्यकीय मदत या सोयींचा एकत्रित विचार या लेखात केला आहे. ही सेवा भारतीय रेल्वेच्या मध्य रेल्वे व पश्चिम रेल्वे या दोन विभागांमार्फत चालवली जाते. कोविड-१९ साथीपूर्वी या सेवेतून दररोज सुमारे ७५ लाख प्रवासी प्रवास करीत असत. एवढी गर्दी मर्यादित जागेत हाताळावी लागत असल्यामुळे येथील अनेक सोयी केवळ आरामाच्या राहत नाहीत. पुलाची रुंदी, जिन्यावरील छप्पर किंवा फलाटाची उंची यांचा थेट संबंध प्रवाशांच्या जीविताशी येतो. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर झालेल्या चेंगराचेंगरीनंतर ही बाब धोरणाच्या पातळीवरही मान्य करण्यात आली.

## पार्श्वभूमी

भारतातील पहिली प्रवासी रेल्वेगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या सुमारे ३४ किलोमीटरच्या मार्गावर धावली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस (आताचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) ते कुर्ला या हार्बर मार्गावर विजेवर चालणारी पहिली गाडी सुरू झाली आणि १९२८ मध्ये पश्चिमेकडील मार्गाचे बोरिवलीपर्यंत विद्युतीकरण झाले. परळ, करी रोड, चिंचपोकळी, एल्फिन्स्टन रोड, लोअर परळ ही मध्य मुंबईतील स्थानके प्रामुख्याने गिरणी कामगारांच्या वस्तीसाठी होती. गिरण्या बंद पडल्यावर त्यांच्या जमिनींवर कार्यालये उभी राहिली व प्रवाशांची संख्या झपाट्याने वाढली. मात्र फलाट, जिने व पूल बहुतांशी जुन्याच मापाचे राहिले.

पूर्वी रूळ टाकताना दोन्ही बाजूंना वस्ती विरळ होती. पुढे स्थानकांना लागूनच बाजारपेठा व इमारती उभ्या राहिल्यामुळे फलाट रुंद करण्यास किंवा नवे तिकीटघर बांधण्यास जागा उरली नाही. या कारणास्तव मुंबईतील स्थानक सुधारणेचा प्रश्न हा मुख्यतः जागेचा प्रश्न आहे. तिकिटासाठी लागणारी रांगही याच जागेत उभी राहते. त्यामुळे तिकीटविक्रीची पद्धत बदलली, की स्थानकात मोकळी होणारी जागाही बदलते.

## तिकीटव्यवस्था

### भाडे व पास

उपनगरी प्रवासाचे भाडे अंतरावर अवलंबून असते. द्वितीय श्रेणीचे किमान भाडे ५ रुपये असून ते पहिल्या १० किलोमीटरांपर्यंत लागू होते. नियमित प्रवाशांसाठी मासिक, त्रैमासिक, सहामाही व वार्षिक पास दिले जातात. द्वितीय श्रेणीचा मासिक पास साधारणतः १५ एकेरी प्रवासांच्या भाड्याएवढ्या आधारावर ठरवला जातो व त्यात अधिभार मिळवला जातो. त्रैमासिक पासाचे मूळ भाडे मासिक पासाच्या २.७ पट असते. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या खर्चासाठी तिकिटांवर व पासांवर अधिभार आकारला जातो. जुलै २०२५ मध्ये रेल्वेने केलेल्या भाडेवाढीतून उपनगरी भाडे व पास वगळण्यात आले.

रोज ये-जा करणारा प्रवासी महिन्यातून एकदाच खिडकीवर येतो. खिडकीवरील रोजची रांग मुख्यतः अधूनमधून प्रवास करणाऱ्यांची असते, तर पासासाठीची गर्दी महिन्याच्या सुरुवातीला वाढते. तिकीटविक्रीच्या सुधारणांमध्ये या दोन गटांच्या गरजा वेगवेगळ्या धराव्या लागतात.

वातानुकूलित लोकल २५ डिसेंबर २०१७ रोजी पश्चिम रेल्वेवर प्रथम धावली. सुरुवातीच्या चढ्या भाड्यामुळे तिला प्रतिसाद मर्यादित होता. मे २०२२ मध्ये वातानुकूलित लोकलच्या तसेच साध्या लोकलमधील प्रथम श्रेणीच्या एकेरी भाड्यात सुमारे निम्म्याने कपात करण्यात आली.

### पुठ्ठ्याच्या तिकिटापासून संगणकापर्यंत

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील टॉमस एडमंडसन याने आधीच छापलेली, क्रमांक असलेली पुठ्ठ्याची लहान तिकिटे प्रचारात आणली. खिडकीवर फक्त तारखेचा शिक्का उमटवून तिकीट देता येत असल्यामुळे विक्री जलद होई व क्रमांकांवरून हिशेब जुळवता येई. भारतीय रेल्वेने हीच पद्धत दीर्घकाळ वापरली. तिच्यात प्रत्येक स्थानकासाठी व प्रत्येक श्रेणीसाठी वेगळ्या तिकिटांचा साठा ठेवावा लागे. २००२ मध्ये दिल्ली परिसरात अनारक्षित तिकीट प्रणाली सुरू झाल्यानंतर संगणकावर छापलेल्या कागदी तिकिटांचा प्रसार झाला. यामुळे कोणत्याही खिडकीवरून कोणत्याही स्थानकाचे तिकीट देणे शक्य झाले.

स्थानकाबाहेर तिकीट मिळावे म्हणून रेल्वेने ‘जनसाधारण तिकीट बुकिंग सेवक’ ही योजना राबवली. या योजनेत परवानाधारक खासगी विक्रेता अल्प सेवाशुल्क घेऊन अनारक्षित तिकिटे व पास देतो.

### कुपन पद्धती

रांग टाळण्यासाठी मुंबईत कुपनांच्या पुस्तिका विकल्या जात. प्रवासी भाड्याच्या रकमेची कुपने फाडून स्थानकावरील यंत्रात घालत असे व त्यावर तारीख, वेळ आणि स्थानकाचे नाव उमटत असे. सुट्ट्या पैशांची अडचण यामुळे दूर झाली. परंतु यंत्र बंद असणे, शाई पुसट उमटणे आणि वापरलेले कुपन पुन्हा वापरले जाणे या अडचणी होत्या. स्मार्टकार्ड यंत्रे वाढल्यावर २०१५ च्या सुमारास ही पद्धत बंद करण्यात आली.

### स्वयंचलित तिकीट विक्री यंत्रे

२००७ पासून मुंबईतील स्थानकांवर ‘एटीव्हीएम’ या नावाने ओळखली जाणारी स्वयंचलित यंत्रे बसवण्यात आली. प्रवासी आधी पैसे भरून स्मार्टकार्ड घेतो, ते यंत्रावर ठेवतो आणि पडद्यावरील नकाशावरून किंवा यादीतून गंतव्य स्थानक निवडून तिकीट छापून घेतो. पुढे यंत्रांवर यूपीआयद्वारे रक्कम भरण्याची सोयही झाली.

पडदा वापरण्याची सवय नसलेल्या प्रवाशांना यंत्र अवघड वाटू नये यासाठी अनेक स्थानकांवर सहायक नेमले जातात. त्यांत सेवानिवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांचाही समावेश असतो. ते स्वतःच्या कार्डावरून तिकीट काढून देतात व त्यांना रेल्वेकडून कमिशन मिळते.

### मोबाइल तिकीट

डिसेंबर २०१४ मध्ये मुंबईत ‘यूटीएस’ या मोबाइल अॅपद्वारे उपनगरी तिकीट काढण्याची सोय सुरू झाली. प्रारंभी अॅपवर काढलेले तिकीट स्थानकावरील यंत्रातून छापून घ्यावे लागे. २०१५ मध्ये कागदविरहित तिकीट आल्यानंतर छपाईची गरज संपली.

कागदविरहित तिकिटात एक मूलभूत अडचण होती. तपासनीस दिसल्यावर गाडीतच तिकीट काढणे प्रवाशाला शक्य झाले असते. हे टाळण्यासाठी मोबाइलचे स्थान उपग्रहाच्या साहाय्याने तपासले जाते व रुळांच्या अगदी जवळ किंवा स्थानकाच्या आत असताना कागदविरहित तिकीट निघत नाही. स्थानकात आल्यावर तिकीट काढावयाचे असल्यास तेथे लावलेला क्यूआर संकेत मोबाइलने वाचण्याची सोय करण्यात आली. मात्र या संकेताचे छायाचित्र जवळ बाळगून नंतर गाडीत तिकीट काढण्याचे प्रकार घडले, त्यामुळे स्थिर संकेतांच्या वापरावर प्रश्नचिन्ह निर्माण झाले.

सुरुवातीला स्थानकापासून ठरावीक अंतरापर्यंतच तिकीट काढता येत असे. उपनगरी भागासाठी ही बाहेरील मर्यादा २०२२ मध्ये ५ किलोमीटरपर्यंत वाढवण्यात आली व २०२४ मध्ये ती काढून टाकण्यात आली. त्यानंतर घरबसल्या तिकीट काढणे शक्य झाले, मात्र स्थानकाच्या आतील निर्बंध कायम राहिले. जुलै २०२५ मध्ये रेल्वेच्या विविध सेवा एकत्र आणणारे ‘रेलवन’ हे अॅप सुरू झाले.

### तिकीट तपासणी

मेट्रोप्रमाणे तिकीट दाखवल्यावर उघडणारी स्वयंचलित दारे उपनगरी स्थानकांवर नाहीत. स्थानकांना अनेक प्रवेशमार्ग आहेत, काही पादचारी पूल रेल्वे ओलांडणाऱ्या इतर नागरिकांकडूनही वापरले जातात आणि गर्दीच्या वेळी एका गाडीतून हजारो प्रवासी एकदम उतरतात. अशा वेळी दारांपाशी प्रवाह खोळंबल्यास फलाटावर धोकादायक गर्दी होऊ शकते. त्यामुळे तपासनिसांकडून होणाऱ्या तपासणीवरच ही व्यवस्था अवलंबून आहे. रेल्वे अधिनियम, १९८९ मधील कलम १३७ व १३८ नुसार विनातिकीट प्रवासावर कारवाई होते. भाड्याव्यतिरिक्त किमान २५० रुपये अतिरिक्त आकार वसूल केला जातो.

### एकात्मिक तिकीट

८ जून २०१४ रोजी वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो सुरू झाल्यापासून एकाच प्रवासासाठी दोन स्वतंत्र तिकिटे काढण्याचा प्रश्न अधिक जाणवू लागला. जानेवारी २०२३ मध्ये मेट्रो मार्ग २अ व ७ साठी ‘मुंबई १’ कार्ड उपलब्ध झाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये उपनगरी रेल्वे, मेट्रो, मोनोरेल व विविध महापालिकांच्या बससेवा यांची तिकिटे एकाच ठिकाणी देणारे ‘मुंबई वन’ अॅप सुरू करण्यात आले.

## स्थानकांचे वर्गीकरण व सुविधांचे निकष

रेल्वे मंडळ स्थानकांची वर्गवारी करून त्यानुसार सुविधांचे निकष ठरवते. सुविधांचे किमान आवश्यक, शिफारस केलेल्या व इष्ट असे तीन स्तर मानले जातात. किमान आवश्यक सुविधांत तिकीट खिडक्या, पिण्याचे पाणी, बाके, छप्पर, स्वच्छतागृहे, दिवे, पंखे इत्यादींचा समावेश होतो.

जुन्या वर्गीकरणात इतर स्थानकांची विभागणी मुख्यतः वार्षिक उत्पन्नावर होत असे आणि सर्व उपनगरी स्थानके ‘क’ या एकाच वर्गात टाकली जात. त्यामुळे लाखो प्रवाशांचे स्थानक व तुलनेने शांत स्थानक यांत निकषांच्या दृष्टीने फरक राहत नसे. उपनगरी तिकीट स्वस्त असल्याने उत्पन्नाच्या आकड्यावरून गर्दीचा अंदाजही येत नसे. २०१७ नंतर उपनगरी स्थानकांसाठी स्वतंत्र गट करण्यात आला व प्रवासीसंख्येनुसार त्याचे तीन उपगट पाडण्यात आले. वर्षाला अडीच कोटींहून अधिक प्रवासी असलेली स्थानके पहिल्या, १ ते २.५ कोटी प्रवाशांची दुसऱ्या व त्याहून कमी प्रवाशांची तिसऱ्या उपगटात येतात.

## पादचारी पूल व गर्दीचे नियोजन

गर्दीच्या वेळी दर तीन ते चार मिनिटांनी गाडी येते व बहुतेक स्थानकांवर ती अर्ध्या मिनिटाच्या आसपासच थांबते. एका गाडीचे प्रवासी फलाटावरून बाहेर पडण्यापूर्वी दुसरी गाडी आली, तर जिन्याच्या पायथ्याशी प्रवासी साचत जातात. वर चढणारा व खाली उतरणारा प्रवाह एकाच जिन्यावर समोरासमोर येतो. म्हणून पुलाची रुंदी, जिन्यांची संख्या व त्यांची फलाटावरील जागा या तिन्ही गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. सर्व जिने फलाटाच्या एकाच टोकाला असल्यास पूल रुंद करूनही कोंडी सुटत नाही.

### एल्फिन्स्टन रोड दुर्घटना

२९ सप्टेंबर २०१७ रोजी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी, पश्चिम रेल्वेवरील एल्फिन्स्टन रोड (जुलै २०१८ पासून प्रभादेवी) व मध्य रेल्वेवरील परळ यांना जोडणाऱ्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा मृत्यू झाला. अचानक आलेल्या पावसामुळे अनेक प्रवासी पुलावर व जिन्यावर आडोशाला थांबले होते. त्याच वेळी नव्याने आलेल्या गाड्यांमधील प्रवासी वर येत राहिले. अरुंद जिन्यावर पुढे सरकण्यास किंवा मागे फिरण्यास जागा उरली नाही.

दुर्घटनेनंतर एल्फिन्स्टन रोड, करी रोड व आंबिवली येथील पादचारी पूल भारतीय लष्कराने बांधले. ते २७ फेब्रुवारी २०१८ रोजी खुले झाले. याहून दूरगामी बदल वर्गीकरणात झाला. तोपर्यंत पादचारी पूल ‘प्रवासी सुविधा’ या सदरात मोडत असे व त्याचा विचार उपलब्ध निधी व प्राधान्यक्रम पाहून होत असे. दुर्घटनेनंतर पुलाची गणना सुरक्षिततेसाठी अनिवार्य बाबींत करण्यात आली.

## फलाटाची उंची

गाडीचा तळ व फलाट यांतील उभे अंतर हे अपघातांचे एक कारण आहे. भारतीय रेल्वेच्या उंच फलाटांची उंची रुळापासून सर्वसाधारणपणे ७६० ते ८४० मिलिमीटर असते, तर उपनगरी गाडीचा तळ त्याहून बराच वर असतो. रुळांखालील खडीची वेळोवेळी भर घातल्याने रूळ वर येतात व हे अंतर आणखी वाढते.

जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपर स्थानकात गाडी पकडताना पडून एका विद्यार्थिनीने दोन्ही हात गमावले. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने या प्रश्नाची दखल घेतली व उपनगरी फलाटांची उंची ९०० ते ९२० मिलिमीटरपर्यंत वाढवण्याचे काम हाती घेण्यात आले. फलाट वाढवताना जिन्यांच्या पायऱ्या, उतार, स्टॉल व पाणपोया यांचीही पातळी बदलावी लागते. शिवाय हे काम बहुधा रात्री, गाड्या बंद असण्याच्या थोड्या वेळात करावे लागते.

## छप्पर, पाणी व स्वच्छतागृहे

सर्व फलाटांवर संपूर्ण लांबीचे छप्पर असतेच असे नाही. गाड्या ९ डब्यांवरून १२ व काही मार्गांवर १५ डब्यांच्या झाल्यावर फलाट लांबवले गेले, परंतु वाढीव भागावर छप्पर नंतर आले. पावसाळ्यात उघड्या भागातील प्रवासी छपराखाली व जिन्यांकडे सरकतात आणि डब्यांतील गर्दीही असमान होते. त्यामुळे छप्पर ही गर्दीच्या नियोजनाचीही बाब ठरते.

स्वच्छतागृहांची संख्या, स्वच्छता व पाणीपुरवठा हा दीर्घकाळच्या तक्रारींचा विषय आहे. एका टोकाच्या फलाटावरच स्वच्छतागृह असल्यास तेथे जाण्यासाठी पूल ओलांडावा लागतो. याचा त्रास महिला, वृद्ध, गरोदर स्त्रिया व मधुमेही प्रवाशांना अधिक होतो.

## माहिती व दिशादर्शन

फलाटावरील विद्युत दर्शकावर येणाऱ्या गाडीचे गंतव्य स्थानक, धीमी की जलद, डब्यांची संख्या आणि अपेक्षित वेळ दिसते. उद्घोषणा मराठी, हिंदी व इंग्रजी या तीन भाषांत होतात. शेवटच्या क्षणी फलाट बदलल्याची सूचना दिल्यास प्रवासी पुलाकडे धावतात किंवा रूळ ओलांडतात. म्हणून वेळेवर व अचूक मिळणारी माहिती ही सुरक्षिततेचाच भाग मानली जाते.

दादर हे या संदर्भातील ठळक उदाहरण आहे. तेथे मध्य व पश्चिम रेल्वेचे फलाट स्वतंत्रपणे १ पासून मोजले जात, त्यामुळे एकाच क्रमांकाचे दोन फलाट असत व नवख्या प्रवाशाचा गोंधळ होई. ९ डिसेंबर २०२३ पासून पश्चिम रेल्वेचे फलाट १ ते ७ कायम ठेवून मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ असे क्रमांक देण्यात आले. फारसे बांधकाम न करता केलेली ही सुधारणा होय.

## महिला व दिव्यांग प्रवासी

केवळ महिलांसाठीची लोकल ५ मे १९९२ रोजी चर्चगेट–बोरिवली मार्गावर सुरू झाली. महिलांचे डबे जेथे थांबतात त्या जागी फलाटावर रंगीत पट्टे रंगवलेले असतात. ११ जुलै २००६ रोजीच्या साखळी बॉम्बस्फोटांनंतर स्थानकांवरील सीसीटीव्ही कॅमेरे व सुरक्षा यंत्रणा यांत वाढ करण्यात आली. जुलै २०१७ मध्ये मध्य रेल्वेचे माटुंगा हे संपूर्ण महिला कर्मचाऱ्यांकडून चालवले जाणारे स्थानक ठरले.

दिव्यांगांच्या डब्याची जागा दृष्टिहीनांना कळावी यासाठी फलाटांवर आवाज करणारी उपकरणे व पायांना जाणवणाऱ्या खडबडीत लाद्या बसवलेल्या आहेत. सरकते जिने व उद्वाहने वाढत असली, तरी प्रत्येक फलाटावर उद्वाहन नसल्यास चाकाच्या खुर्चीवरील प्रवाशाचा मार्ग मध्येच तुटतो. सरकता जिना त्याला पर्याय ठरत नाही.

## वैद्यकीय मदत

कोविडपूर्व वर्षांत मुंबई उपनगरी मार्गावर दरवर्षी सुमारे अडीच ते तीन हजार व्यक्तींचा मृत्यू होत असे. रूळ ओलांडणे हे त्याचे प्रमुख कारण, तर गाडीतून पडणे हे दुसरे महत्त्वाचे कारण होते. अपघातानंतर पहिल्या तासातील उपचार निर्णायक असल्याने मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर स्थानकांवर आपत्कालीन वैद्यकीय कक्ष व रुग्णवाहिका यांची व्यवस्था करण्यात आली. रूळ ओलांडणे रोखण्यासाठी रुळांमध्ये कुंपण घातले जाते. तथापि पूल दूर किंवा गर्दीचा असेल, तर केवळ कुंपणाने हा धोका संपत नाही.

## नवी मुंबईतील स्थानके

९ मे १९९२ रोजी सुरू झालेल्या मानखुर्द–वाशी मार्गासाठी व त्यापुढील विस्तारासाठी खर्चाचा ६७ टक्के वाटा सिडकोने उचलला. शहर व रेल्वे यांचे नियोजन बरोबरीने झाल्यामुळे येथील स्थानकांना प्रशस्त आवार, रुळांखालून जाणारे भुयारी मार्ग व वाहनतळ मिळाले. वाशी व सीबीडी बेलापूर येथे स्थानकालाच जोडून कार्यालयांच्या इमारती उभारण्यात आल्या. जुन्या मुंबईत नंतर निर्माण न करता येणारी जागा येथे आधीच राखून ठेवलेली होती.

## पुनर्विकासाच्या योजना

रेल्वे मंत्रालय व महाराष्ट्र शासन यांची संयुक्त कंपनी असलेले मुंबई रेल्वे विकास महामंडळ १९९९ मध्ये स्थापन झाले. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाचे विविध टप्पे त्याच्यामार्फत राबवले जातात. २०१९ मध्ये मंजूर झालेल्या ३अ टप्प्यात निवडक स्थानकांच्या सुधारणेचा समावेश आहे. फलाटांच्या वर उन्नत डेक बांधून तिकीटघर, स्टॉल व प्रतीक्षेची जागा तेथे हलवणे आणि फलाट चढ-उतारासाठी मोकळा ठेवणे हे तिचे मुख्य सूत्र आहे. खार रोड येथे असा डेक उभारण्यात आला.

अमृत भारत स्थानक योजनेखाली पुनर्विकसित झालेल्या १०३ स्थानकांचे उद्घाटन २२ मे २०२५ रोजी झाले. त्यांत मुंबई परिसरातील चिंचपोकळी, परळ, माटुंगा, वडाळा रोड व शहाड यांचा समावेश होता.

## मर्यादा

मोबाइल तिकिटामुळे खिडकीवरील रांग कमी होते, मात्र स्मार्टफोन नसलेले, रोखीने व्यवहार करणारे, वृद्ध व स्थलांतरित मजूर यांच्यासाठी खिडकी आवश्यकच राहते. कोविड काळात १५ ऑगस्ट २०२१ पासून लसीच्या दोन मात्रा घेतलेल्यांना लोकलप्रवासाची मुभा मिळाली, तेव्हा सुरुवातीला केवळ पास दिले जात. त्यामुळे एखाद्याच दिवशी प्रवास करणाऱ्यालाही महिन्याचा पास काढावा लागे. तिकिटाचा एक मार्ग बंद झाल्यास त्याचा भार कोणावर पडतो, हे या अनुभवातून दिसून आले.

स्थानकाची मालकी रेल्वेकडे, बाहेरील रस्ता व फेरीवाल्यांचे नियमन महापालिकेकडे आणि मेट्रो स्वतंत्र संस्थांकडे असल्याने एकाच प्रवासमार्गाची जबाबदारी विभागली जाते. नवा पूल रुंद असला, तरी तो अरुंद गल्लीत उतरत असेल, तर कोंडी फक्त काही मीटर पुढे सरकते. फलाटापासून रस्त्यापर्यंतचा संपूर्ण मार्ग एकत्र विचारात घेतल्याशिवाय स्थानक सुधारणेचा अपेक्षित लाभ प्रवाशाला मिळत नाही.

## हे सुद्धा पहा

- मुंबई उपनगरी रेल्वे
- मुंबई रेल्वे विकास महामंडळ
- प्रभादेवी रेल्वे स्थानक
- दादर रेल्वे स्थानक
- मुंबई मेट्रो